धोंडे सरांचं पेपाणी

आमचे धोंडे सर आफ्रिकेत जेमतेम दोन महिने राहून आले, पण परत मात्र रोज यायचे. प्रार्थनेच्या आधी स्टाफरूमच्या दारात उभे राहिले की चेहरा असा, जणू आत्ताच विमानातून उतरलेत आणि आमचं फुटकं टेबल, खडूचा डबा नि कपबशा यांची नव्यानं ओळख करून घेताहेत. खरं तर उतरलेले असायचे वडापच्या जीपमधून, तेही मागच्या पायरीवर लटकून आलेले. पण गळ्यात पट्ट्याची हिरवी पाण्याची बाटली असे, बालवाडीतली पोरं अडकवतात तसली, आणि तिच्यावर हात ठेवून ते म्हणत, "आमच्या आफ्रिकेत या वेळेला..."

त्या वाक्याचा शेवट ऐकायला सहसा कुणी थांबत नसे.

आमची शाळा वेल्हे तालुक्यात, राजगडाखालच्या पालीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. मी मराठी शिकवायची, सर भूगोल. मुलाणी भाऊसाहेब आमचे कारकून. ते भोरचे, सरांच्याच आळीतले, त्यामुळं सरांच्या घरच्या बातम्या आम्हाला ताज्या मिळत. ही दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. तेव्हा आमच्या भागातला माणूस परदेशी गेला तर फार तर दुबईला जाई, गाडी चालवायला, आणि येताना निदान एक घड्याळ तरी आणी. धोंडे सर काय घेऊन आले? एक फोटोंचा अल्बम, एक रंगीत कापड आणि एक शब्द. त्या शब्दानं आमच्या शाळेला जो ताप दिला तो कुठल्या साथीनंही दिला नसेल.

सर गेले तेव्हा सर नव्हते, पुण्यात भूगोलात एम.ए. करत होते. कुठलीशी संस्था कॉलेजातल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आफ्रिकेत सेवेला पाठवत होती, त्यात यांची वर्णी लागली. देश मलावी. खंडाच्या दक्षिणेकडचा, लांबट, छोटासा. नकाशावर बोट ठेवून ते हे सांगत, पण भोरात त्याचा काही उपयोग झाला नाही. मलावी म्हटलं की समोरचा म्हणे, "मळवली व्हय? लोनावळ्याच्या अलीकडं? आमची चुलती हाय की तितं." सुरुवातीला सर चिडत. पुढं त्यांनी देशाचं नावच टाकलं आणि नुसतं "आफ्रिका" म्हणायला लागले. म्हणजे एका गावात दोन महिने राहून अख्खा खंड स्वतःच्या नावावर करून घेतला.

निघताना त्यांनी बॅगेत चार बनियन, दोन हाफ शर्ट आणि उन्हासाठी पांढरी टोपी भरली होती. उन्हाळ्याची सुट्टी, आणि आफ्रिका, म्हणजे ऊन असणारच! विषुववृत्ताच्या खाली जूनमध्ये हिवाळा असतो हे आमच्या शाळेच्या पुस्तकात आहे, चित्रासकट आहे. भूगोलात एम.ए. करणारा हा गृहस्थ डोंगरातल्या त्या गावात उतरला तो दात वाजवतच. मग ज्या घरी उतरला होता तिथल्या बाईनं स्वतःच्या कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड काढून त्याच्या अंगावर टाकलं, आणि ते बायकी कापड पांघरून सरांनी दोन महिने काढले. अल्बममध्ये तो फोटो आहे. त्याखाली सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'पारंपरिक मानाचा पोशाख'.

आणि सेवा कसली, तर गावातल्या शाळेसाठी विटांचा संडास बांधायचा. निरनिराळ्या देशांतली पोरं मिळून बांधत होती. विमानाचं भाडं भरून, हजारो मैल लांब जाऊन, ज्यांनी जन्मात थापी हातात धरली नाही अशांनी. गावातले गवंडी म्हणे झाडाखाली बसून बघत असत. सरांच्या थोरल्या भावाचं भोरात हार्डवेअरचं दुकान आहे. मुलाणी एकदा खिळे आणायला गेले तर भाऊ तराजूकडे बघतच म्हणाला, "भाऊसाहेब, घरचा संडास म्या बांदला. त्यो बांदताना ह्यानं कदी एक घमेलं उचलून दिलं न्हाई. आन् ह्यो आफ्रिकेत बांदाया गेला." आम्ही हे वाक्य स्टाफरूममध्ये पुढं कित्येक वर्षं वापरलं.

सर आल्यावर दुसऱ्याच वर्षी आमच्याकडं लागले, आणि त्याच वर्षी माता-पालक मेळाव्यात त्यांना बोलायला उभं केलं. उभं केलं म्हणजे काय, तेच उभे राहिले. फोटो मोठे करून पुठ्ठ्यांवर चिकटवून आणले होते. समोर गावातल्या बाया, नुकत्याच सकाळच्या खेपा करून, हंडे उतरवून आलेल्या. त्यांना सरांनी पहिला पुठ्ठा दाखवला तो डोक्यावर पाण्याचं भांडं घेऊन चाललेल्या बाईचा. "बघा," सर कळवळून म्हणाले, "या माउलीला पाण्यासाठी किती चालावं लागतं!"

बाया बघत राहिल्या. आमच्याकडं खिचडी शिजवणारी हिराबाई पुढं सरकली, पुठ्ठा हातात घेतला आणि नजर बारीक करून म्हणाली, "चुंबळ कुटं हाय हिची?"

"हाय की," दुसरी म्हणाली. "कापडाची गुंडाळी केलीया बघ."

"व्हय गं. मान मातुर सरळ हाय हां. सवय दिसतीया." मग सरांकडं वळून, "नाव काय ओ सर हिचं?"

"नाव... तिथली नावं फार अवघड असतात. आम्ही तिला अमाय म्हणायचो. हिच्याच घरी मी राहत होतो. अमाय म्हणजे आई."

"लेकरं किती?"

सरांना लेकरंही सांगता येईनात. अंगणात पुष्कळ असायची, त्यातली घरची कुठली नि शेजारची कुठली याचा पत्ता त्यांना लागला नव्हता.

"दोन म्हैने तिच्या हातचं खाल्लं," हिराबाई म्हणाली, "आन् नाव ठावं न्हाई? आईला काय नाव नसतं व्हय?"

सरांनी पुठ्ठा काढून घेतला आणि बाटली उघडून दोन घोट पाणी प्यायले. पेचात सापडले की पाणी प्यायची त्यांची खोड होती. त्या खोडीचंच मूळ तो शब्द.

सरांचं म्हणणं असं. तिकडं कुणाला ठेच लागली, डास चावला, पोट बिघडलं, ओझं जड झालं, की जो कोणी जवळ असेल तो म्हणतो, "पेपाणी". पहिल्याच आठवड्यात सर संडासाच्या पायात, म्हणजे पायासाठी खणलेल्या खड्ड्यात, पडले. वरून अमाय ओरडली, "पेपाणी! पेपाणी!" सरांना वाटलं, पे पाणी. पाणी पी. मराठी माणसाच्या कानाला दुसरं काय वाटणार? त्यांनी आज्ञाधारकपणे गळ्यातली बाटली उघडली आणि खड्ड्यात बसल्या बसल्या पाणी प्यायले. वरचे सगळे खूश होऊन हसले. झालं. तेव्हापासून कुणी पेपाणी म्हटलं की सर बाटली तोंडाला लावत. गावानं त्यांना नावही ठेवलं, बांबो माद्झी. बांबो म्हणजे आदरानं बाप्या माणूस, माद्झी म्हणजे पाणी. सर याचा अर्थ सांगत, "पाणीदार पुरुष." शाळेतल्या पोरांनी त्यातला बांबो तेवढा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं. सरांच्या पाठीमागं त्यांना बांबू म्हणत. मुख्याध्यापकही म्हणत.

मुलाणी भाऊसाहेब हिशेबी माणूस. त्यांनी विचारलं, "पण सर, माद्झी म्हणजे पाणी, तर मग पेपाणीतलं पाणी कुठलं?"

सर याचीच वाट बघत होते. "रोजचं पाणी माद्झी," ते म्हणाले. "पण दुसऱ्याला विचारायचं, मानाचं पाणी, ते पाणीच. आपल्याकडून गेलेला शब्द आहे हा. कोकणातल्या बंदरांतून गलबतं जात होती तिकडं. आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं ही आपली रीत, ती शब्दासकट तिथं रुजली." आणि माझ्याकडं वळून, "काय बाई? भाषेच्या अंगानं काय वाटतं?"

भाषेच्या अंगानं मला घेरी यायची बाकी होती. मी म्हटलं, "सर, तुम्ही आपला नकाशा बघा."

पण नकाशा बघून गप्प बसतील ते धोंडे सर कुठले! त्यांनी शाळेत रीतच पाडली. कुणी पडलं, धडपडलं, की शेजारच्यानं "पेपाणी" म्हणायचं आणि त्याला पाणी द्यायचं. पोरांना आणखी काय हवं होतं? आठवीच्या वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की मागच्या बाकावरून आरोळी येई, "पेपानी!" आणि चार जण एकाला धरून पाण्याच्या टाकीकडं घेऊन जात, ते तास संपेपर्यंत येत नसत. वर्गात पेन पडलं तरी पेपानी. परीक्षेत नापास झालेल्या एका कार्ट्यानं प्रगतिपुस्तक बापापुढं ठेवून तेच म्हटलं आणि मार खाल्ला. वडापचा ड्रायव्हर पंक्चर झालेल्या चाकाला लाथ घालून म्हणे, "पेपानी!" आमच्या भागात पाण्याचं पानीच होतं, त्यामुळं गाव सगळं न म्हणे आणि सर एकटे टाळूला जीभ लावून, घोटून ण म्हणत. चुकणाऱ्याला दुरुस्तही करत. "पेपाणी. बाणातला ण."

तर असा हा माणूस. फुशारकी मारायला आयुष्यात एवढीच एक गोष्ट, आणि तीही धड कळलेली नाही. मला त्यांची चीड येई हे मी लपवत नाही. पण खरी चीड यायची ती दुसऱ्याच कारणानं, आणि ते कारण भोरात सगळ्यांना माहीत होतं.

सर निघाले तेव्हा त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. आई खाटेवर, आणि चिरंजीव चालले जगाची सेवा करायला! सर म्हणत, आईच म्हणाली, जा. भाऊ म्हणे, आईची वाचा तोवर गेलीच होती. खरं काय ते त्या माउलीबरोबर गेलं, कारण सर तिकडं विटा रचत असताना ती वारली. संस्थेच्या ऑफिसात फोन गेला, तिथून सायकलवर माणूस निघाला, तो डोंगरातल्या गावात पोचला तोवर इकडं सावडणंसुद्धा उरकलं होतं. तिकीट ठरल्या तारखेचं. सर तिथंच राहिले. संडास पुरा करून, सगळ्यांबरोबर फोटो काढून, मगच आले.

आले तेव्हा भेटायला येणारे येऊन गेले होते. मामानं थोरल्याच्या डोक्यावर दुखवट्याची टोपी घातली होती. धाकट्यासाठी आणलेली तशीच परत नेली. आळीतल्या बायका त्यांना बघून दार लोटून घेत. भाऊ एका घरात राहून बोलेनासा झाला तो झालाच. आणि आईबद्दल सरांशी कुणी एक अक्षर काढलं नाही. लोकांचं बरोबरच होतं. ज्यानं खांदा दिला नाही त्याला खांद्यावर हात ठेवून काय सांगायचं?

सर स्वतः मात्र ती हकिगत सांगत. एरवी पाल्हाळ लावणारा माणूस, ही एकच गोष्ट तो भरभर सांगे, कुणीतरी मधेच थांबवेल या भीतीनं सांगावी तशी.

"निरोप आला नि गाव जमा झालं," ते म्हणत. "अमायच्या अंगणात पुरुष बसले, बायका आत जमिनीवर. एकेक जण समोर यायचा, दोन्ही हातांत माझा हात धरायचा आणि म्हणायचा, पेपाणी. मी पाणी प्यायचो. पुढचा यायचा, पेपाणी. म्हातारेकोतारे आले, शाळेतली पोरं आली, गवंडी आले. किती पिणार? शेवटी उलटी झाली मला. तर त्यावरही म्हणाले, पेपाणी. पण एकानंही आईचा विषय काढला नाही हं! एकानंही नाही. केवढा संयम! दुःखावर बोलायचं नाही, पाणी द्यायचं. इथंही कुणी काही बोललं नाही. म्हणजे सारखंच." आणि मग बाटलीचं झाकण उघडत, पुन्हा लावत, "मला काही वाटलं नाही त्याचं."

एकदा ते असं सांगून तासावर गेले आणि मुलाणी भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "बाई, या माणसाला आईबद्दल कुणीतरी एक शब्द बोलायला पाहिजे हो. त्याच्यासाठीच हा एवढा बोलत असतो. आफ्रिका नुसतं निमित्त."

मी म्हटलं, "मग बोला की तुम्ही. एका आळीतले आहात."

"मी? आता? इतक्या वर्षांनी?" भाऊसाहेब दचकले. "काय बोलू?"

तेही खरंच होतं. तो विषय तिथंच राहिला.

आणि मग एका वर्षी स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून सरांनी अस्सल मलावीचा माणूस आणला. पुण्यात शिकायला आलेला मुलगा, स्वारगेटच्या स्टँडवर सरांना भेटलेला. नाव चिसोमो. सडपातळ, चष्मा, टाय, इस्त्रीचा शर्ट. सरांनी आठवडाभर आधीपासून स्टाफरूम डोक्यावर घेतली होती. आता तुम्हाला कळेल, हेच वाक्य दिवसातून चारदा. आपण जे इतकी वर्षं सांगत आलो त्यावर थेट मलावीतून शिक्का आणल्यासारखी त्यांची ऐट. मुलाणी म्हणाले, "भावाला पण बोलावलंय सरांनी." भाऊ अर्थातच आला नाही.

चिसोमोला फेटा बांधला, नारळ दिला. तो इंग्रजीत बोलणार, सर मराठीत सांगणार असं ठरलं. पोरगं गोड होतं. त्याच्या गावालाही असेच डोंगर आहेत म्हणाला, मक्याच्या पिठाचं आपल्या उकडीसारखं काहीतरी रोज खातात म्हणाला. बायांनी पिठात मीठ घालतात का विचारलं. सर दोन्हीकडून भाषांतर करत होते आणि घामाघूम होत होते. मग त्यांनी आपला हुकमी एक्का काढला. सहावीच्या दोन मुली स्टेजवर आल्या. एक ठेच लागून पडली, दुसरी तांब्या घेऊन धावली. "पेपाणी!"

चिसोमो हसला. त्यानं सरांना विचारलं, ती पाणी कशाला देते?

सरांना तो प्रश्न कळला नाही. म्हणजे ऐकू आला, पण कळला नाही. त्यांनी उत्तरादाखल ती हकिगत सांगायला सुरुवात केली. इंग्रजीत सांगत, मधे मधे आमच्यासाठी मराठीत. आईची. अंगणाची. एकेका माणसाची. आणि शेवटी स्टेजच्या कडेला येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांगा यांना. तुमच्याकडं माणूस गेल्यावर काही न बोलता पाणी पाजतात ना?"

चिसोमोचं हसू कधीच गेलं होतं. तो हळू आवाजात काहीतरी बोलला. दोनच वाक्यं होती. सर ऐकत राहिले.

"काय म्हणाला हो?" मुलाणी मला कोपरानं ढोसून विचारत होते. मला पुरतं ऐकू आलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "धोंडे सर, भाषांतर करा."

"ते म्हणतात," सर म्हणाले, "पेपानीचा अर्थ पाणी नाही."

पोरांत खसखस पिकली. सरांच्या तोंडून न निघाला होता हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं.

"ते म्हणतात, त्याचा अर्थ..." सर थांबले आणि थेट माझ्याकडं वळले. "बाई, सॉरीला मराठीत काय हो?"

"माफ करा," मी म्हटलं.

त्यांनी ते चिसोमोला सांगितलं. त्यानं मान हलवली. माफी नाही. जो म्हणतो त्यानं काही केलेलं नसतं. ज्याला लागलंय त्याला म्हणायचं असतं.

मी म्हटलं, क्षमस्व. मग म्हटलं, खेद वाटतो. हे म्हणताना माझं मलाच हसू आलं, कारण हे पाणी बंद राहणार असल्याच्या सूचनेत लिहितात. मग म्हटलं, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. ते तर पेपरात काळ्या चौकटीत छापतात, खाली गल्लीतल्या मंडळाचं नाव असतं. ठेच लागलेल्या पोराला कोण म्हणणार, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत? हातातल्या खडूसारखी भाषा वापरण्यात माझं आयुष्य गेलं, आणि सगळ्या गावासमोर मला एक शब्द सापडेना. सर स्टेजवर वाट बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडं एवढ्या आशेनं बघत होते, आणि माझ्याकडं काही नव्हतं.

शेवटी त्यांनी स्वतःच केलं. "ते म्हणतात, तुझ्यावर हे आलं, याचं मला वाईट वाटतंय. एवढं सगळं त्या एका शब्दात. ठेच लागली तरी तेच म्हणतात, आणि आई गेली तरी तेच."

मग त्यांनी चिसोमोला विचारलं, "सगळ्यांनी?"

चिसोमो म्हणाला, सगळ्यांनी. आणि तुम्ही काय करत होता?

"मी पाणी पीत होतो," सर म्हणाले. हे मात्र ते मराठीतच म्हणाले.

मग मागून हिराबाईचा आवाज आला, तिला वाटलं हळू बोलली पण तिचा हळू आवाज रस्त्यापर्यंत जातो, "आगाई गं! त्या अमायनं समदं गाव आनलं त्याच्या आईपायी, आन् ह्यो पानी पीत बसला!"

आणि मंडप हसला. पोरं हसली, बाया हसल्या, मुलाणी हसले आणि मीही हसले, कारण ते हसण्यासारखंच होतं. इतकं मूर्ख माणसानं असू नये. सरही हसत होते, पण त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायच्या राहिल्या होत्या. चिसोमो पुढं झाला, सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "पेपानी." सरांचा दुसरा हात सवयीनं बाटलीकडं गेला. झाकणावर बोटं ठेवली आणि तशीच राहिली.

त्यानंतर सर आफ्रिकेहून परत यायचे बंद झाले. सकाळी यायचे ते सरळ भोरहून आल्यासारखे. बाटली स्टाफरूमच्या खिळ्याला अडकवली ती कायमची. मुलाणींनी भावाच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं भावाचं मन पाघळेल. भाऊ म्हणाला, "आता कळला व्हय शब्द? बरं झालं," आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिजागऱ्या मोजायला लागला. मला खरं सांगायचं तर सरांचं हे गप्प बसणंही फारसं आवडलं नाही. एवढी वर्षं आमचे कान किटवल्यावर माणसानं इतक्या सहज थांबावं म्हणजे काय? स्टाफरूममध्ये बोलायला विषयच उरला नाही. पुढं त्यांनी भोंगवलीच्या शाळेत बदली मागून घेतली. निरोपाच्या भाषणात आम्ही त्यांच्या शिस्तप्रियतेची वगैरे स्तुती केली. ते दोन मिनिटं बोलले, आणि त्यात आफ्रिका नव्हती.

नंतर काही वर्षांनी श्रावणात कामथडीला, भावाच्या घरी, माझी आई वारली.

भेटायला माणसं आली, येतात तशी. कोण म्हणे, वय झालंच होतं. कोण म्हणे, सुटली बिचारी. एक बाई चहा पिता पिता दोनदा म्हणाली की पांढऱ्या साडीत किती शांत दिसत होत्या, आणि आईला आम्ही हिरवी साडी नेसवली होती. किती वाजता, काय खाल्लं होतं, डॉक्टर काय म्हणाले. मी सगळ्यांना सगळं पुन्हा पुन्हा सांगत होते. सांगून सांगून ते माझ्या आईचं न वाटता दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागलं होतं.

सगळे दिवस होऊन गेल्यावर, दुखवटा उरकल्यावर, मांडव निघाल्यावर, धोंडे सर आले. उशिरा येण्याची त्यांची रीत त्यांनी सोडली नव्हती. पावसात भिजलेले, केस पांढरे झालेले, पँटचे पाय दुमडलेले. ओट्याच्या कडेला टेकले. माझ्या भावानं ओळख विचारली, मी म्हटलं, आमच्या शाळेत होते. मनात म्हटलं, आता हे आईवरून अमायवर येणार आणि अमायवरून मलावीला जाणार, आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार.

त्यांनी काही विचारलं नाही. किती वाजता नाही, काय खाल्लं होतं नाही. ओल्या रुमालानं तोंड पुसलं. मग उठले, माझ्यासमोर आले आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आमच्याकडं परके पुरुष बाईचा हात असा धरत नाहीत. भाऊ बघतच राहिला.

"पेपानी, बाई," सर म्हणाले.

बाणातला ण नव्हता.

ते पायऱ्या उतरून गेले. त्यावर काय म्हणायचं असतं ते त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं. शेजारी पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला आणि पाणी प्यायले.